पोशाखातील टापटीप

‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण तुम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली असेल. माणसाचे स्वतःचे तेज एकपट असले, तर चांगल्या कपड्याने ते दहापट होते, असा तिचा भावार्थ आहे. म्हण खरी आहे. परंतु तिचा अर्थ पुष्कळ जण चुकीचा घेतात. त्यांना वाटते, की कपडा जितका महाग, तितका नूर अधिक. मुलांनो, हे कितपत खरे आहे, ते आपण एक चित्र डोळ्यांपुढे आणून पडताळून पाहू.

समजा, दोन विद्यार्थी शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेत शेजारी शेजारी उभे आहेत. एकाचा सदरा नवा कोरा व भारी कापडाचा आहे. पण त्याची एक गुंडी भलत्याच काजात अडकली आहे, त्यामुळे गळ्याशी एक बाजू वर व दुसरी खाली झाली आहे. कॉलरचे एक टोक आत दुमडले आहे आणि सदऱ्याची मागची बाजू विजारीबाहेर लोंबत आहे. दुसऱ्याचा सदरा धुऊन धुऊन फिका पडला आहे. कोपराजवळ त्याला एक ठिगळही आहे. पण तो स्वच्छ आहे, त्याच्या साऱ्या गुंड्या जागच्या जागी आहेत आणि तो विजारीत नीट खोचलेला आहे. या दोघांपैकी कोणाचा नूर वाढला, हे सांगावयास पंच नेमण्याची गरज नाही.

कपड्याची किंमत दुकानदार ठरवतो. त्याची शोभा मात्र घालणारा ठरवतो. ही शोभा कशी आणावी, हा या पाठाचा विषय आहे. त्यासाठी सदरा हे रोजच्या परिचयाचे वस्त्र आपण घेऊ. येथे पुरुषांच्या व मुलांच्या सदऱ्याचा विचार केला असला, तरी अनेक शाळांत मुलींच्या गणवेशातही सदरा असतो. तेव्हा मुलींनाही हा पाठ उपयोगी पडेल.

सदऱ्याची कुळकथा

ज्याला आपण सदरा किंवा शर्ट म्हणतो, ते वस्त्र युरोपात शेकडो वर्षे आतून घालावयाचे वस्त्र होते. त्यावर बंडी व कोट चढवीत. चारचौघांत नुसत्या सदऱ्यावर वावरणे असभ्यपणाचे मानले जाई. हा सदरा डोक्यावरून घालीत. तो चांगला लांब असे, आणि त्याची पुढची व मागची टोके पायांमधून घेऊन विजारीच्या आत दाबून बसवीत. गळ्यापासून खालपर्यंत सलग गुंड्या असलेला सदरा पुढे एकोणिसाव्या शतकात प्रचारात आला. इंग्लंडमधील एका कंपनीने १८७१ साली असा सदरा नोंदवून विक्रीस आणल्याचे सांगतात.

काळ बदलला, सदरा आतून बाहेर आला, त्याची लांबीही कमी झाली. पण जुन्या आकाराची खूण मात्र त्याने टाकली नाही. तुमच्या घरातील एखादा सदरा पलंगावर पसरून त्याची खालची कड पाहा. कित्येक सदऱ्यांची कड पुढे व मागे जिभेसारखी गोलाकार उतरलेली, आणि दोन्ही बाजूंना वर चढलेली दिसेल. हा आकार शिंप्याने केवळ हौसेखातर दिलेला नसतो. पुढची व मागची लांब टोके विजारीत खोल उतरून सदऱ्याला धरून ठेवतात, आणि बाजूंना कापड कमी असल्यामुळे मांड्यांपाशी त्याचा गोळा होत नाही. अशी गोलाकार कड म्हणजे ‘मला आत खोचा’ अशी सदऱ्यानेच दिलेली सूचना होय.

कॉलरची कथाही मनोरंजक आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ट्रॉय नावाचे गाव आहे. तेथील हॅना माँटेग्यू या बाईंच्या ध्यानात आले, की आपल्या पतीचा सदरा अंगात स्वच्छ असतो, केवळ कॉलर तेवढी मळते. आणि त्या एका कॉलरसाठी सारा सदरा धुवावा लागतो. तेव्हा त्यांनी कॉलर कापून वेगळी केली, ती धुतली आणि पुन्हा जोडली. ही गोष्ट १८२७ सालची म्हणून सांगितली जाते. त्यातून सुट्या कॉलरींचा मोठा धंदा ट्रॉय गावात उभा राहिला. सुट्या कॉलरींचे दिवस आता गेले. पण त्या बाईंनी जे पाहिले ते आजही खरे आहे. सदरा प्रथम मळतो तो मानेपाशी व मनगटांपाशी. म्हणून धुताना आधी साबण लावावयाचा तो या दोन जागांना.

खोचावा की मोकळा सोडावा?

प्रत्येक सदरा खोचलाच पाहिजे असा मात्र नियम नाही. ज्या सदऱ्याची खालची कड सरळ असते आणि बाजूंना लहान चिरा ठेवलेल्या असतात, तो मोकळा सोडण्यासाठीच शिवलेला असतो. बुशशर्ट हा त्याच जातीचा. पूर्वी आपल्याकडे ‘मनिला’ नावाचा अर्ध्या बाह्यांचा सदरा पुष्कळ जण वापरीत, तोही विजारीवर मोकळाच असे. धोतरावरचा किंवा पायजम्यावरचा आपला सदरा, कुडता, नेहरू शर्ट यांनाही मोकळेपणच शोभते. आपल्या उष्ण हवेत अशा सैल वस्त्रातून वारा खेळतो आणि घाम लवकर वाळतो. म्हणजे यातही सोय व शहाणपण आहे.

मोकळा सदरा म्हणजे ढिसाळ पोशाख, असेही समजू नये. फिलिपिन्स देशातील पुरुषांचा ‘बारोंग’ नावाचा सदरा पाहण्यासारखा असतो. अननसाच्या पानांपासून काढलेल्या तलम धाग्याचा, नाजूक भरतकाम केलेला हा सदरा तेथे लग्नात व राजसमारंभात घालतात, आणि तो नेहमी विजारीवर मोकळा सोडतात. रॅमन मॅगसेसे यांनी १९५३ साली त्या देशाचे राष्ट्राध्यक्षपद स्वीकारताना हाच सदरा घातला होता. पुढे त्यांच्या नावाने सुरू झालेला पुरस्कार १९५८ साली आपल्या आचार्य विनोबा भाव्यांना मिळाला, हे तुम्हांस ठाऊक असेलच.

यावरून एक गोष्ट लक्षात ठेवावी. खोचलेला सदरा सभ्य आणि मोकळा सदरा असभ्य, असा भेद नाही. जो ज्या रीतीने घालावयाचा, तो त्या रीतीने पुरता घालावा. अर्धा आत व अर्धा बाहेर, पुढून खोचलेला व मागून सुटलेला, असा सदरा दोन्ही रीतींची शोभा घालवतो. शाळेचा गणवेश, छात्रसेनेचे संचलन, पोलिसांची किंवा सैनिकांची नोकरी, अशा ठिकाणी खोचण्याची रीत ठरलेली असते. यंत्रावर काम करणाऱ्यांच्या बाबतीत तर तो जिवाचा प्रश्न असतो. कारण लोंबणारे कापड फिरत्या चाकात किंवा पट्ट्यात सापडले, तर कापडाबरोबर माणूसही ओढला जातो.

अंगात घालण्यापूर्वी

सदरा नीट खोचण्याची सुरुवात कमरेपाशी होत नाही. ती आदल्या दिवशी, धुण्याच्या दगडापाशी होते.

सुती कापडाला सुरकुत्या का पडतात, याचे कारण समजून घ्या. कापसाचा तंतू अतिशय सूक्ष्म अशा साखळ्यांचा बनलेला असतो. या साखळ्या एकमेकींना धरून असतात. कापड ओले झाले, की पाण्यामुळे ही पकड सैल होते. आणि ते वाळताना साखळ्या ज्या स्थितीत असतील, त्याच स्थितीत पकड पुन्हा घट्ट होते. म्हणून पिळलेला सदरा तसाच बोळा करून ठेवला, तर बोळ्याच्या साऱ्या सुरकुत्या कापडात कायम होतात. तोच सदरा दोन-तीन वेळा चांगला झटकून, कॉलर व गुंड्यांची पट्टी हाताने ताणून, खांदे सरळ ठेवून वाळत घातला, तर निम्मे काम झालेच म्हणून समजावे.

उरलेले निम्मे काम इस्त्रीचे. इस्त्री याच तत्त्वावर चालते. कापडावर पाण्याचा हलका शिपका मारला, की ओलाव्याने व उष्णतेने तंतूंची पकड सैल होते; इस्त्रीच्या वजनाने कापड सपाट होते; आणि पाणी उडून जाताच तो सपाटपणा टिकून राहतो. अगदी कोरड्या कापडावर नुसती इस्त्री घासून सुरकुती लवकर मोडत नाही, याचे कारण हेच.

इस्त्रीचा क्रमही ठरलेला असावा. प्रथम कॉलर, तीही टोकांकडून मध्याकडे, म्हणजे टोकांशी चुणी पडत नाही. मग खांद्यांवरची दुहेरी पट्टी. नंतर बाह्या. मग पुढच्या दोन बाजू आणि शेवटी पाठ. लहान व अवघड भाग आधी आणि मोठे, सपाट भाग नंतर, असा क्रम ठेवला म्हणजे एकदा केलेला भाग पुन्हा चुरगळत नाही. विजेची इस्त्री वापरताना मात्र घरातील मोठे माणूस जवळ असावे, आणि हात ओले नसावेत.

घरी इस्त्री नसेल तर? त्यानेही अडत नाही. विजेच्या इस्त्र्या घरोघरी येण्यापूर्वी कित्येक विद्यार्थी रात्री सदऱ्याची काळजीपूर्वक घडी घालून ती गादीखाली ठेवीत, आणि सकाळी घडी बसलेला सदरा घालून शाळेला जात. काही घरांत मोठी माणसे पितळेच्या किंवा तांब्याच्या लोट्यात निखारे भरून त्याच्या गरम बुडाने कपडे सारखे करीत. निखाऱ्यांचा खेळ तुम्ही करू नये. पण गादीखालची घडी आजही तितकीच चांगली बसते, आणि तिला विजेचे बिल येत नाही.

सदरा हातात घेतलाच आहे, तर त्याची तपासणीही करावी. एखादी गुंडी सैल झाली असेल, तर ती गळून पडण्याची वाट पाहू नये. गुंडी लावण्यास सुई, दोरा आणि पाच मिनिटे लागतात. हे काम आईचे किंवा बहिणीचे, असे समजणारा मुलगा जन्मभर दुसऱ्याच्या हातांवर अवलंबून राहतो. स्वतःच्या सदऱ्याची गुंडी स्वतः लावणे, हे स्वावलंबनाचे पहिले पाऊल आहे.

गुंड्या आणि काजे

गुंड्या लावणे हे सोपे काम आहे. म्हणूनच त्यात घाईने चूक होते. वरून सुरुवात केल्यास एखादे काज चुकते आणि ते शेवटच्या गुंडीपाशी येईपर्यंत कळत नाही. यावर साधा उपाय असा, की प्रथम सदऱ्याच्या पुढच्या दोन्ही बाजूंची खालची टोके जुळवून पाहावीत, सर्वांत खालची गुंडी लावावी आणि तेथून वर चढत यावे. कॉलरची गुंडी शेवटी लावावी, किंवा गळपट्टा बांधावयाचा नसेल तर मोकळी ठेवावी.

आणखी एक गंमत पाहा. सदऱ्याच्या उभ्या पट्टीवरील काजे बहुधा उभी असतात; पण कॉलरचे काज आडवे असते. असे का बरे? मान सतत वळत असते, त्यामुळे कॉलरवर आडवा ताण पडतो. आडव्या काजात गुंडीला इकडेतिकडे थोडे सरकता येते आणि गळा आवळत नाही. छातीवरील पट्टी मात्र सरळ रेषेत राहावयास हवी; उभ्या काजात गुंडी आडवी सरकत नाही, म्हणून ती पट्टी वाकडी होत नाही. एवढ्याशा छिद्राच्या दिशेमागेही कोणा कारागिराचा विचार उभा आहे. वस्तू नीट वापरणे म्हणजे त्या विचाराचा मान राखणे होय.

खोचण्याची रीत

आता मुख्य कामाकडे वळू. सदरा विजारीत खोचला, तरी थोड्या वेळाने तो कमरेभोवती फुग्यासारखा फुगतो, अशी पुष्कळांची तक्रार असते. याचे उत्तर अंकगणितात आहे.

समजा, सदऱ्याचा खालचा घेर ९० सेंटिमीटर आहे आणि घालणाऱ्याची कंबर ६६ सेंटिमीटर आहे. म्हणजे २४ सेंटिमीटर कापड जास्तीचे झाले. ते कोठेतरी जाणारच. आपण काही विचार न करता सदरा कोंबला, तर ते कापड मिळेल तेथे गोळा होते. थोडे पोटावर, थोडे पाठीवर, थोडे बगलेखाली. पण हेच कापड दोन्ही बाजूंना सारखे वाटून दिले, तर प्रत्येक बाजूला १२ सेंटिमीटर येते. घडीत कापड दुहेरी होते. म्हणून १२ सेंटिमीटर कापडासाठी ६ सेंटिमीटर खोलीची एक घडी पुरते. अशा दोन घड्या घातल्या, की पुढची बाजू व पाठ दोन्ही सपाट राहतात. सैन्यात आणि पोलिसांत हीच रीत वापरतात.

ही रीत पुढीलप्रमाणे करावी :

१. प्रथम बनियन आतल्या चड्डीत नीट खोचून घ्यावे. मग सदऱ्याच्या साऱ्या गुंड्या लावाव्यात.

२. विजार कमरेपर्यंत चढवावी, पण तिचे बटण लावू नये. सदऱ्याची पुढची व मागची टोके हाताने सरळ खाली ओढून आत सोडावीत. ती आत गोळा झालेली नसावीत.

३. दोन्ही बाजूंना, बगलेपासून खाली येणारी शिवण अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरावी आणि जास्तीचे कापड बाहेरच्या बाजूस ओढावे. आता पुढे व पाठीवर कापड अंगाला सारखे बसेल.

४. चिमटीतील कापडाची पाठीकडे घडी करावी. घडी पुढे वळवू नये. मागे वळवलेली घडी समोरून दिसत नाही आणि हातांच्या हालचालीने उलगडतही नाही.

५. घडी तशीच दाबून धरून विजार वर घ्यावी, बटण लावावे आणि कमरेचा पट्टा बांधावा.

६. शेवटी दोन्ही हात सावकाश खांद्यांइतके वर उचलून खाली घ्यावेत. त्यामुळे कमरेपाशी बोटभर कापड सैल सुटेल. एवढी सैलता हवीच. नाहीतर बसताना व वाकताना सदरा ताणला जातो आणि खोचलेला भाग सुटतो.

हे सारे झाल्यावर आरशात, किंवा आरसा नसेल तर मान खाली घालून, एक गोष्ट तपासावी. सदऱ्याच्या गुंडीपट्टीची कड, पट्ट्याच्या बकलाची कड आणि विजारीच्या पुढच्या पट्टीची कड, या तिन्ही एका सरळ उभ्या रेषेत आल्या पाहिजेत. अमेरिकन सैन्यात या रेषेला स्वतंत्र नावच आहे, आणि ती रेषा वाकडी असली तर तपासणीत सैनिकाच्या नावावर दोष लिहिला जातो. तुमच्या नावावर कोणी दोष लिहिणार नाही; परंतु ही रेषा सरळ असली, की सारा पोशाख सरळ दिसतो.

इतके करूनही सदरा पुनःपुन्हा बाहेर येत असेल, तर दोष खोचण्यात नसून मापात आहे. सदरा घालून, खोचून, दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच करा. त्याची कड विजारीतून बाहेर आली, तर सदरा आखूड आहे. वाढत्या वयात असे होणारच. वर्षापूर्वीचा सदरा यंदा आखूड झाला, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. दुसरेही एक कारण असते. बाहीचा जोड बगलेच्या फार खाली उतरलेला असला, तर हात वर करताच बाहीबरोबर सारा सदरा वर ओढला जातो. फार सैल सदरा घेतला म्हणजे हालचाल सोपी होते, हा समज म्हणूनच खरा नाही. सदरा शिवताना किंवा विकत घेताना तो खांद्यावर बरोबर बसतो की नाही, हे आधी पाहावे.

सायंकाळी मैदानावर जाताना मात्र या साऱ्याची चिंता करू नये. खो-खो, कबड्डी खेळताना कपडे मळणारच, आणि मळावेतही. जो कपड्यांच्या भीतीने धुळीत उतरत नाही, त्याने कपड्यांना चाकर न ठेवता धनी केले, असे म्हणावे लागेल. खेळून आल्यावर हातपाय धुऊन, सदरा झटकून पुन्हा नीट होणे, हे पुरेसे आहे.

टापटीप कशासाठी?

आतापर्यंत आपण सदरा कसा घालावा, हे पाहिले. आता त्याहून महत्त्वाचा प्रश्न राहिला : एवढी खटपट कशासाठी? लोकांनी आपल्याला छान म्हणावे, यासाठी का? या प्रश्नाचे उत्तर आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात सापडते.

फार जुनी गोष्ट नाही. आपल्या समाजात एक काळ असा होता, की कोणी काय नेसावे, कसे नेसावे आणि कोणते दागिने घालावेत, हेसुद्धा जातीवरून ठरवले जाई. ज्यांना अस्पृश्य म्हणून दूर ठेवले होते, त्यांच्या वेशावरूनच त्यांची जात ओळखू यावी, अशी रूढी होती. १९२७ सालच्या डिसेंबर महिन्यात कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह परिषद भरवली. तेथे जमलेल्या स्त्रियांपुढेही ते बोलले. जुन्या रूढीने लादलेली लुगडे नेसण्याची पद्धत सोडून द्या, हीनपणाची खूण ठरलेले दागिने टाकून द्या, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले. वस्त्राला ठिगळे असली तरी चालेल, पण ते स्वच्छ असले पाहिजे, हा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. त्या मायबहिणींनी ते ऐकले आणि लागलीच नेसण्याची रीत बदलली.

विचार करा. त्या स्त्रियांजवळ नवे कापड आले नव्हते, पैसा आला नव्हता. वस्त्र तेच होते. नेसण्याची रीत तेवढी बदलली. पण त्या बदलातून त्यांनी साऱ्या जगाला सांगितले, की आम्ही कोणाहून कमी नाही. एका कापडाच्या तुकड्यात एवढे बळ असते! वेशाची टापटीप ही श्रीमंतीची जाहिरात नसून स्वाभिमानाची खूण आहे, हे यावरून दिसून येते.

स्वतः बाबासाहेबांचा पोशाखही अत्यंत व्यवस्थित असे. ज्या समाजाला रूढीने मान खाली घालावयास लावले होते, त्या समाजातील एक विद्वान ताठ मानेने व नीटनेटक्या वेशात सभेत उभा राहतो, हे पाहूनच हजारोंच्या मनात धीर उत्पन्न झाला असेल.

म्हणूनच एक इशारा येथे दिला पाहिजे. टापटीप ही स्वतःला लावावयाची शिस्त आहे. दुसऱ्याला हिणवण्याचे ते हत्यार नव्हे. वर्गात एखाद्याचा सदरा विटका असेल, एखाद्याची विजार मोठ्या भावाची म्हणून सैल असेल. कोणाच्या घरी नळाला पाणी नसेल, कोणाची आई पहाटे कामावर जात असेल. त्याच्या सदऱ्याकडे पाहून हसणारा मुलगा, त्याचा स्वतःचा सदरा कितीही कडक इस्त्रीचा असला, तरी मनाने गबाळाच होय. मित्राची कॉलर मागे दुमडलेली दिसली, तर चारचौघांत ओरडून सांगू नये. जवळ जाऊन हळूच सारखी करावी. गुंडी तुटली असेल, तर आपल्या दप्तरातील टाचणी पुढे करावी. हीदेखील टापटीपच आहे.

सकाळी शाळेला निघताना उंबरठ्याशी क्षणभर थांबा. कॉलर, गुंड्या, बाह्या, पट्टा, आणि मागून सदरा, अशा पाच ठिकाणी एकदा नजर व हात फिरवा. या कामाला अर्धे मिनिटही लागत नाही. रोज केल्याने त्याची सवय होते, आणि सवय झाली, की ती पोशाखापुरती राहत नाही. वहीचे समास सरळ येऊ लागतात, दप्तरातील पुस्तके जागच्या जागी राहतात, दिलेली वेळ पाळावीशी वाटते. सदरा उद्या आखूड होईल, परवा फाटेल. पण तो नीट घालता घालता लागलेले वळण आयुष्यभर अंगावर राहील.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सदऱ्याच्या गोलाकार खालच्या कडेचा उपयोग कोणता?
(आ) कॉलरचे काज आडवे का असते?
(इ) जास्तीच्या कापडाची घडी पाठीकडे का वळवावी?

२. कारणे द्या.
(अ) ओल्या सदऱ्याचा बोळा करून ठेवू नये.
(आ) यंत्रावर काम करताना सदरा मोकळा सोडू नये.

३. एका सदऱ्याचा खालचा घेर ९६ सेंटिमीटर व घालणाऱ्याची कंबर ६४ सेंटिमीटर आहे. दोन्ही बाजूंना सारखी घडी घालावयाची असल्यास प्रत्येक घडी किती खोल घ्यावी लागेल?

४. ‘वस्त्र तेच होते, नेसण्याची रीत तेवढी बदलली.’ या वाक्याचा महाडच्या प्रसंगाच्या आधारे सात-आठ ओळींत अर्थ सांगा.

५. पुढील शब्दांचे विरुद्ध अर्थाचे शब्द लिहा : नीटनेटका, सैल, आखूड, स्वावलंबन.

६. ‘कपड्यांना चाकर न ठेवता धनी केले’ या शब्दप्रयोगाचा अर्थ स्पष्ट करा.

७. उपक्रम : घरातील एक सैल गुंडी मोठ्यांच्या देखरेखीखाली स्वतः शिवा, आणि ते काम क्रमाने कसे केले, ते दहा वाक्यांत लिहा.